फालूनचे शाहीर

दीपनगरात राहणाऱ्याला मोठ्या आवाजाचं अप्रूप नसतं. भुसावळजवळ फेकरीच्या शिवारात औष्णिक वीज केंद्राची ही वसाहत आहे. कोळशाच्या वाघिणी रिकाम्या होतानाचा खडखडाट, बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की कान बधिर करणारी वाफेची शीळ, आणि या सगळ्याच्या तळाशी अखंड चालणारी टर्बाइनची घरघर. टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, तेव्हा कुठं आपल्या घरात ५० हर्ट्झची वीज येते. ज्यांच्या घरची माणसं पाळीवर जाताना कानात बोळे घालतात, त्यांच्यापुढं कुणी जगातलं सर्वांत दणदणीत संगीत आणून ठेवलं, तर पहिला प्रश्न येतो तो हाच, की एवढा आवाज कशासाठी?

पॉवर मेटल या हेवी मेटलच्या प्रकाराबद्दल माझा हा प्रश्न बरीच वर्षं टिकून होता. भाचा पुण्याहून सुट्टीला आला की कानाला हेडफोन लावून द्यायचा, आणि मी दोन गाण्यांनंतर तो काढून परत करायचो. शंका आवाजापुरती नव्हती. या प्रकारात ड्रॅगन फार, जादूच्या तलवारी फार, धुक्यातले किल्ले फार. गायक टिपेच्या सुरात कुठल्या तरी अमर योद्ध्याचा जयजयकार करतो, कीबोर्डवर शंभर माणसांचा कोरस उभा राहतो, आणि या योद्ध्यानं नेमकं कुणाला, कुठं, कशासाठी मारलं हे विचारायची सोयच नसते. मराठी कानाला वीररस परका नाही, पण आपला वीररस नावगावासकट येतो. किल्ल्याचं नाव, सरदाराचं नाव, वाटेत लागलेली खिंड, शत्रूच्या फौजेचा आकडा. नावगाव नसलेलं शौर्य मला पोकळ वाटायचं.

माझं मत पालटवलं ते ‘सबाटन’ या स्वीडिश बँडच्या पहिल्या अल्बमनं. २००५ साली आलेला ‘प्रिमो व्हिक्टोरिया’. तो अल्बम आणि त्याचं कूळ, दोन्हींचा हा मागोवा.

कूळ शोधायला निघालं की माग १९७६ पर्यंत जातो. ‘रेनबो’ या इंग्लिश बँडच्या ‘रायझिंग’ या अल्बममध्ये ‘स्टारगेझर’ नावाचं आठ मिनिटांहून लांब गाणं आहे. गिटारवर रिची ब्लॅकमोर, आवाज रॉनी जेम्स डिओचा, आणि पाठीमागं म्युनिक फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा. पुढं पॉवर मेटलनं ज्याचं भांडवल केलं ते सगळं या एका गाण्यात आहे: जादूगार, मनोरा, वाद्यवृंद, उंच चढत जाणारा आवाज. पण गाण्यात बोलतो कोण? जादूगार नाही. त्याच्या हुकमानं उन्हातान्हात दगड वाहून मनोरा बांधणारा गुलाम बोलतो. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या घराण्याचा मूळपुरुष राजाचा भाट नव्हता, तो वेठबिगाराच्या तोंडून गात होता.

‘आयर्न मेडन’ या इंग्लिश बँडच्या १९८३ मधल्या ‘द ट्रूपर’ या गाण्यातही हेच दिसतं. १८५४ साली क्रिमियातल्या बालाक्लावाच्या लढाईत ब्रिटिश घोडदळाची एक तुकडी चुकीच्या हुकमामुळं थेट रशियन तोफांच्या तोंडी गेली. गाणं गातो तो त्या तुकडीतला मरणारा स्वार. सेनापतीला त्यात जागा नाही. स्टीव्ह हॅरिसच्या बेस गिटारची घोडदौडीसारखी लय तिथून पुढच्या सगळ्यांनी उचलली.

वेग आला तो जर्मनीतून. १९८२ मध्ये ‘अॅक्सेप्ट’ बँडनं ‘फास्ट अॅज अ शार्क’ या गाण्याच्या सुरुवातीला एका जुन्या जर्मन लोकगीताची रेकॉर्ड वाजवली, ती मध्येच फाडली, आणि दोन्ही पायांनी बेस ड्रम बडवत गाणं सुरू केलं. हा डबल बेस मग या संगीताचा कणा झाला. हॅम्बुर्गच्या ‘हॅलोवीन’नं १९८५ मध्ये ‘वॉल्स ऑफ जेरिको’ हा पहिला अल्बम काढला, तेव्हा गिटारवादक काय हान्सेन स्वतःच गात होता. वाजवता वाजवता गायचं अवघड जातं म्हणून त्यांनी मिखाएल किस्के या अठरा वर्षांच्या पोराला घेतलं, आणि १९८७-८८ मध्ये ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’चे दोन भाग आले. पॉवर मेटलचा साचा घडला तो इथं. त्यानंतरची दहा वर्षं मी पटकन ओलांडतो, कारण माझ्या जुन्या शंका त्याच काळाबद्दल आहेत. साचा हाती आला की कारागीर वाढतात आणि आशय पातळ होतो. १९९७ हे एकच वर्ष पाहा: इटलीतल्या ‘ऱ्हॅप्सडी’चा पहिला अल्बम आणि स्वीडनच्या ‘हॅमरफॉल’चा पहिला अल्बम त्याच वर्षी आले. दोन्हींत कसब भरपूर आहे. तलवारीही भरपूर आहेत.

आता फालून. स्वीडनमधलं हे तांब्याच्या खाणीचं गाव. हजारेक वर्षं चाललेली ती खाण १९९२ मध्ये बंद झाली आणि २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. या दोन तारखांच्या मधे, १९९९ मध्ये, तिथल्या तरुणांनी सबाटन हा बँड काढला. एका उद्योगाच्या जिवावर वसलेल्या वसाहतीतली पोरं असं पाऊल का उचलतात, हे दीपनगरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी पहिला अल्बम एका इटालियन कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केला, पण तो प्रसिद्धच होईना. वाट पाहून कंटाळल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशानं नवा अल्बम केला. तो ‘प्रिमो व्हिक्टोरिया’. अडकलेला जुना माल ‘मेटलायझर’ नावानं २००७ मध्ये बाहेर आला. तो ऐकला की या दोन अल्बमांच्या मधे काय घडलं ते लख्ख कळतं. गायक योआकिम ब्रोडेन, बेसवादक पेर सुंडस्ट्रोम आणि मंडळींनी ड्रॅगन बाजूला सारले आणि इतिहासाचं पुस्तक उघडलं.

शीर्षकगीत ६ जून १९४४ च्या नॉर्मंडीच्या चढाईवर आहे, तारखेसकट. ‘वुल्फपॅक’ अटलांटिकमधल्या एका मित्रराष्ट्रीय जहाजतांड्यावर मे १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी केलेल्या हल्ल्यावर. ‘इन्टू द फायर’ व्हिएतनामवर. ‘पर्पल हार्ट’ घायाळ आणि मृत अमेरिकन सैनिकांना मिळणाऱ्या पदकावर. आणि यादीत मधेच एक नाव आलं: ‘स्टालिनग्राड’.

या नावापाशी मी थांबलो, कारण या विषयावरचं एक गाणं मराठीत फार आधीपासून होतं.

स्टालिनग्राडची लढाई १९४२ च्या उन्हाळ्यात सुरू झाली आणि २ फेब्रुवारी १९४३ ला जर्मन सहाव्या सैन्याच्या शरणागतीनं संपली. व्होल्गाकाठच्या त्या शहरात घरा-घरासाठी, जिन्या-जिन्यासाठी माणसं लढली. इकडं मुंबईत माटुंगा लेबर कॅम्पमध्ये वाटेगावहून आलेला एक विशीतला कामगार वर्तमानपत्रातल्या बातम्या ऐकत, वाचत होता. शाळेत दीड दिवस गेलेला, अक्षरं स्वतः शिकलेला. त्यानं १९४३ च्या सुमारास ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे आपले अण्णा भाऊ. पुढं त्यांनी बर्लिनवरही पोवाडा लिहिला, बंगालच्या दुष्काळावर गीत रचलं, आणि १९४४ मध्ये अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं.

आता ही दोन गाणी शेजारी ठेवून बघा. अण्णा भाऊंनी तेव्हा रशिया पाहिला नव्हता. ते तिकडं गेले १९६१ मध्ये. ब्रोडेन तर जन्मलाच १९८० मध्ये, आणि त्याचा देश दुसऱ्या महायुद्धात तटस्थ होता. दोघांनीही हे युद्ध लांबून, दुसऱ्याच्या शब्दांतून उभं केलं. एकापाशी डफ आणि तुणतुणं, दुसऱ्यापाशी कीबोर्ड, दोन गिटार आणि डबल बेस. एक शाहीर कामगारांच्या सभेत उभा, दुसरा युरोपातल्या संगीतमहोत्सवांत. पण काम तेच: वर्तमानपत्रातली किंवा पुस्तकातली एक लढाई घ्यायची, तिच्यातले प्रसंग निवडायचे, आणि समोरच्या शेकडो माणसांच्या छातीत ती धडधडेल अशी म्हणायची.

मग मी अल्बम पुन्हा लावला, आणि या वेळी कान वेगळ्या गोष्टींवर गेले. ब्रोडेन पॉवर मेटलच्या रीतीप्रमाणं टिपेला जात नाही. त्याचा आवाज खर्जातला, जाड, किंचित खरखरीत आहे. कडव्यात तो जवळजवळ सांगतो, गाणं कमी आणि निवेदन जास्त. मग ध्रुवपद आलं की सगळे मिळून उचलून धरतात. शाहिराच्या मागं उभे असलेले झीलकरी हेच करतात. शाहीर कडवं पुढं नेतो, शेवटच्या शब्दावर झीलकरी पकड घेतात, शाहिराला श्वास मिळतो आणि श्रोत्यांना गाण्यात शिरायची जागा मिळते. ज्या कोरसला मी भपका समजत होतो, तो रचनेचा सांधा आहे. तो नसता तर एवढी माहिती चार मिनिटांच्या गाण्यात कुणी पचवली नसती.

आमच्या वसाहतीत पोवाडा आला तोही बदलीच्या माणसांबरोबर. वीज केंद्राची नोकरी म्हणजे कोराडी, परळी, एकलहरे, चंद्रपूर असा फिरता संसार. विदर्भातून आलेली कुटुंबं त्यांची भजनं घेऊन आली. सांगली-कोल्हापूरकडच्यांनी शाहीर बाबासाहेब देशमुखांच्या कॅसेट आणल्या, आणि शिवजयंतीला लाउडस्पीकरवर अफझलखानाचा वध लागायचा. इथल्या मूळच्या लोकांकडं वहीगायन होतं, श्रावणात कानबाईची गाणी होती. कोळसा आणि राख यांच्यामध्ये वाढलेल्या आम्हा मुलांना त्या लाउडस्पीकरनंच इतिहास पहिल्यांदा ऐकवला. पाठ्यपुस्तक नंतर आलं.

म्हणून पोवाड्याचं कूळही जरा नीट पाहिलं पाहिजे, कारण त्यातच माझ्या मूळ शंकेचं उत्तर आहे. आज हाती असलेला एक फार जुना पोवाडा अज्ञानदासाचा, १६५९ च्या अफझलखान वधावरचा. जिजाबाईंच्या पदरचा हा शाहीर. त्याला घोडा आणि एक शेर सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला असं पोवाडाच सांगतो. तुळशीदासानं सिंहगडावर, तानाजीवर रचला. पेशवाईत रामजोशी, अनंत फंदी, प्रभाकर, सगनभाऊ असे शाहीर झाले. इथवर पोवाडा दरबाराच्या सावलीत होता असं म्हणता येईल. मग १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला, आणि त्याच साच्यातून राजा शेतकऱ्याचा झाला. १८९१ मध्ये अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी जुने पोवाडे जमवून छापले, त्यामुळं ते वाचले. आणि अर्ध्या शतकानंतर अण्णा भाऊंच्या हातात तोच साचा गिरणी कामगाराचा झाला. नायकाच्या जागी एक लढणारं शहर आलं.

शौर्यगीताचा साचा कुणाच्या मालकीचा नसतो, हे या प्रवासातून दिसतं. त्यात काय भरलं आणि कुणाच्या बाजूनं उभं राहून भरलं, यावर त्याचं मोल ठरतं. मी पॉवर मेटलचा साचाच पोकळ मानत होतो. पोकळ होतं ते नव्वदच्या दशकात त्यात भरलेलं सामान.

पण वीरगीत मोहक असतं, आणि मोहाला चाप लावायची परंपराही खानदेशात आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी अखेरचा काळ धुळ्यात काढला. ३१ डिसेंबर १९२६ ला ते तिथंच गेले, आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींच्या चुका निर्दयपणे काढल्या होत्या. अस्सल कागद दाखवा, मग बोला, हा त्यांचा बाणा. धुळ्याची ती शिस्त घेऊन ‘प्रिमो व्हिक्टोरिया’ तपासला तर काय उरतं?

‘वुल्फपॅक’ उरतं. नाव, वेळ, समुद्र, तांडा, सगळं पक्कं, आणि शिकारीही दिसतात, सावजही दिसतं. ‘स्टालिनग्राड’ उरतं, कारण त्यात विजयापेक्षा पडझड जास्त ऐकू येते. संथ, जड पावलांनी चालणारं ते गाणं मला या अल्बममधलं सर्वांत प्रामाणिक वाटतं. शीर्षकगीतही टिकतं, जरी त्याचं ध्रुवपद मैफलीत उड्या मारण्यासाठीच बांधलेलं असलं तरी.

‘काउंटरस्ट्राइक’ मात्र मला मान्य नाही. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धावरचं हे गाणं इस्रायलच्या बाजूनंच सगळं पाहतं. ज्यांच्या जमिनीवर ते युद्ध झालं आणि ज्यांना घरं सोडावी लागली ती माणसं त्यात कुठंच नाहीत. ‘रेन ऑफ टेरर’ आणि ‘पँझर बटालियन’ ही इराकवरची गाणीही रणगाड्याच्या आतून जग बघतात. २००५ मध्ये इराक जळत होतं. तेव्हा इतक्या जवळच्या युद्धावर इतक्या खुशीत ढोल वाजवणं मला खटकतं. दीपनगरपासून हाकेच्या अंतरावर वरणगावला आयुध निर्माणी आहे. तिथं बंदुकीच्या गोळ्या तयार होतात. तिथले कामगार आमच्या ओळखीचे, बाजारात भेटणारे. गोळी कुठं बनते हे रोज दिसत असलं की ती कुठं लागते याचा विचार गाण्यात असावा अशी अपेक्षा वाढते. आणि शेवटचं ‘मेटल मशीन’ हे जुन्या मेटल गाण्यांच्या नावांना गुंफून केलेलं कौतुकगीत आहे. त्यात ना तारीख, ना माणूस. बँड आपली जुनी सवय पूर्ण मोडू शकला नव्हता याचा तो पुरावा.

पुढं त्यांचा हात सुधारत गेला. २०१२ च्या ‘कॅरोलस रेक्स’मध्ये त्यांनी स्वीडनच्या साम्राज्याचा उदय आणि विनाश घेतला आणि तो अल्बम इंग्रजीत आणि स्वीडिशमध्ये असा दोनदा केला. २०१६ चा ‘द लास्ट स्टँड’ तर थोड्यांनी अनेकांना थोपवून धरल्याच्या लढायांवरच आहे. थर्मोपिलीपासून जपानमधल्या शिरोयामापर्यंत. तो ऐकताना पावनखिंड आठवली नाही असा मराठी श्रोता मला भेटायचा आहे. २०१९ मध्ये त्यांनी गाण्यांमागचा इतिहास चित्रफितींतून सांगायला सुरुवात केली. राजवाड्यांना ध्रुवपदं पटली नसती, हे नक्की. साधनं दाखवायची ही सवय मात्र त्यांना आवडली असती असं मला वाटतं.

महाराष्ट्रात हेवी मेटल मुंबईनं रुजवलं. १९८६ पासूनच्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ने रंगभवनात एक अख्खी पिढी घडवली. साहिल मखिजाच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’नं २०१७ मध्ये ‘दशावतार’ हा पुराणांवरचा अल्बम केला. त्यांची जात पॉवर मेटलची नाही, अधिक काळोखी आहे, पण गोष्ट सांगायची ओढ तीच आहे. तरी शाहिरीचा थेट धागा त्यांनाही सापडलेला नाही. तो इंग्रजीत सापडणार तरी कसा?

‘प्रिमो व्हिक्टोरिया’बद्दल माझा निवाडा असा: सगळा अल्बम डोक्यावर घ्यावा असा नाही, पण अर्धा अल्बम मनापासून ऐकावा असा आहे, आणि पहिल्याच अल्बममध्ये आपल्या साच्यातला भुसा काढून त्यात खरा इतिहास भरण्याचं धाडस करणारे बँड थोडे. ऐकायचा असेल तर शीर्षकगीतानं सुरुवात करू नका. आधी ‘स्टालिनग्राड’, मग ‘वुल्फपॅक’, मग बाकीचं. आणि त्याच संध्याकाळी अण्णा भाऊंचा पोवाडा मोठ्यानं वाचा.

भुसावळ-जळगावच्या कॉलेजांत आता गिटार आणि ड्रम घेऊन बसणारी पोरं आहेत. स्नेहसंमेलनात ती आयर्न मेडन वाजवतात, छान वाजवतात. त्यांना माझी विनंती आहे. स्टालिनग्राडचा पोवाडा अण्णा भाऊंच्या निवडक वाङ्मयात छापलेला आहे. तो घ्या, दोन झीलकरी उभे करा, डफाला डबल बेसची जोड द्या, आणि मराठीतच म्हणा. पहिल्या प्रयोगाला मी दीपनगरहून येईन.